आठवड्याला एक गाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निरनिराळ्या गानप्रकारांतील गाणी दर आठवड्याला एकमेकांना सुचवण्याचा परिपाठ आम्ही काही स्नेही गेली काही वर्षे चालवत आहोत. आमच्यात शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेले दोघे-तिघे आहेत. बाकीचे सगळे नुसते ऐकणारे आहेत. असाच उपक्रम आपल्या घरी, कार्यालयात किंवा सोसायटीत सुरू करू इच्छिणारे जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आठवड्याला एकच गाणे का? दोन-चार का नकोत?

सुरुवातीला आमच्याकडे संख्येचे बंधन नव्हते. एका गणेशोत्सवात एका स्नेह्याने उत्साहाच्या भरात एकाच दिवशी पंधरा गाणी पाठवली. आठवडा संपल्यावर विचारले, तेव्हा बहुतेकांनी पहिली दोन अर्धवट ऐकली होती आणि उरलेल्या तेरा गाण्यांना कोणी हातही लावला नव्हता. त्यांत एक फार दुर्मीळ भारूड होते आणि तेही तसेच वाया गेले. तेव्हापासून एका आठवड्याला एकाच व्यक्तीने एकच गाणे सुचवायचे असे ठरले.

या साप्ताहिक लयीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गाणे प्रसारित झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवे गाणे येत राहिले. मुळात बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी अशी योजना होती, पण त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गाण्यांची संख्या ५६ झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली लोकांच्या तोंडी बसल्या, त्यात त्यांच्या गुणवत्तेचा वाटा मोठा आहेच. परंतु एका गाण्यानंतर दुसरे येईपर्यंत मध्ये पूर्ण आठवडा मिळत होता, गाणे पुन्हा ऐकवले जात होते, पुण्यातली दैनिके त्याचे शब्द छापत होती आणि घराघरांत ते गुणगुणले जात होते, याचाही वाटा लहान नाही, असे मला मनापासून वाटते. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या आणि अमीन सायानी यांनी सादर केलेल्या ‘गीतमाले’साठी लोक बुधवारच्या संध्याकाळची वाट पाहत असत. वाट पाहून मिळालेले गाणे माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो.

गाण्यासोबत काय लिहावे?

या संपूर्ण उपक्रमाचा जीव या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ‘अप्रतिम आहे, नक्की ऐका’ एवढेच लिहून गाणे पाठवले, तर ज्याला तो गानप्रकार आधीपासून ठाऊक आहे तोच ते ऐकतो आणि ज्याच्यासाठी खरे तर ते पाठवायचे होते तो पुढे निघून जातो. म्हणून गाण्यासोबत चार ओळी लिहाव्यात आणि त्यांपैकी निदान एका ओळीत कान नेमका कोठे ठेवायचा, ते सांगावे.

उदाहरणादाखल, ‘संगीत स्वयंवर’मधील ‘नाथ हा माझा’ हे पद घेऊ. आमच्यातील एका आजींनी ते सुचवताना साधारण असे लिहिले होते: हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आले, पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, राग यमन आणि गायन बालगंधर्वांचे. जुन्या तबकडीची खरखर पहिला मिनिटभर खटकेल, पण ती नंतर जाणवेनाशी होते. एकच ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणतात, तेव्हा शब्द तेच राहून स्वरांची वाट दर वेळी थोडी कशी बदलते, तेवढेच ऐका. माझे वडील हे पद न्हाणीघरात म्हणत असत.

नाट्यसंगीत कधीही न ऐकलेल्या एका तरुण सदस्याने त्या आठवड्यात ते पद सहा वेळा ऐकले, कारण त्याला काय ऐकायचे हे कळले होते. शेवटच्या वाक्यातील वडिलांची आठवणही मला तितकीच मोलाची वाटते. गाणे कोणाच्या आयुष्यातून आपल्यापर्यंत आले हे समजले, की ते परके राहत नाही. मात्र चार ओळींचा चार पानी निबंध होऊ देऊ नये. माहिती इतकी असावी की गाणे ऐकावेसे वाटेल, इतकी नसावी की ऐकण्याची गरजच उरणार नाही.

गानप्रकारांचा क्रम कसा लावावा?

आम्ही प्रथम तक्ता केला होता: पहिला आठवडा अभंग, दुसरा गझल, तिसरा पाश्चात्त्य, चौथा लोकगीत. हा तक्ता दोन महिन्यांत कंटाळवाणा झाला, कारण प्रत्येक गाणे सुटे पडत होते आणि आधीच्या आठवड्यात कानाला जे कळले होते त्याचा पुढच्या आठवड्यात काहीच उपयोग होत नव्हता. आता आम्ही तक्ता सोडून वाटा धरतो. कलावंत एका गानप्रकारात कधीच कोंडलेले नव्हते. ते जेथून जेथे गेले तेथून तेथे ऐकणाऱ्यानेही जावे.

आमची सर्वांत आवडती वाट गोव्यातून निघाली. पहिल्या आठवड्यात मांडो हा कोंकणी गीतप्रकार होता: संथ, सहा मात्रांच्या चालीचा, विरहाने भारलेला, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने, दोन आवाजांच्या मेळात गायलेला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याच पाठोपाठ गायले जाणारे द्रुत, खेळकर दुलपद आले. तिसऱ्या आठवड्यात ज्यांनी गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकून मुंबई गाठली, त्या वादकांकडे आम्ही वळलो. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवत आणि हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद चालवत. चौथ्या आठवड्यात १९५१ च्या ‘अलबेला’मधील एक गाणे ऐकले, कारण त्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी याच चिक चॉकलेट यांची साथ घेतली होती. सी. रामचंद्र मूळचे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यामुळे महिन्याभरात सासष्टीच्या दिवाणखान्यातील मांडोपासून निघून, मुंबईच्या जॅझमधून, एका मराठी संगीतकाराच्या हिंदी चित्रगीतापर्यंत आम्ही पोचलो, आणि ज्या सदस्यांना जॅझ हा शब्द ऐकूनच धास्ती वाटत असे त्यांना तो वाटेत कधी भेटला हेही कळले नाही.

दुसरी वाट मिरजेची आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. दक्षिणेत त्यांचे जाणे-येणे असे, कर्नाटक संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि त्यांनी त्यागराजांच्या एका रचनेचे ध्वनिमुद्रणही केले आहे. तेवढ्या एका ध्वनिमुद्रणाच्या आधारे पुढच्या आठवड्यात तीच रचना एखाद्या कर्नाटक गायिकेच्या आवाजात सुचवता येते. तंजावरच्या मराठी राजांनी कर्नाटक संगीताला दिलेला आश्रय आठवला, तर मराठी माणसाला ते संगीत दूरचे वाटण्याचे खरे तर कारण नाही.

तिसरी वाट अगदी छोटी, पण उपयोगी आहे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याच्या साथीला अहमदजान थिरकवा होते. नाट्यपदानंतरच्या आठवड्यात त्यांचे एकल तबलावादन ठेवले, तर शब्द नसलेले संगीत ऐकण्याची सवय नसलेल्यांनाही ते पेलते.

ख्यालाचे गायन पाऊण तासाचे असते. ते एका आठवड्याचे ‘गाणे’ म्हणून कसे सुचवावे?

दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जुन्या तबकड्यांचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. या मर्यादेत त्या काळच्या गायकांनी रागाचे रूप, बंदिश आणि ताना असा ऐवज बसवला. तो मूळ मैफिलीचा पर्याय नव्हे, हे खरे आहे. परंतु नवख्या श्रोत्याला रागाची ओळख करून देण्यासाठी ती तीन मिनिटे फार उपकारक ठरतात.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण ध्वनिमुद्रण पाठवून त्यातील एक खिडकी नेमून देणे. ‘बाराव्या मिनिटापासून विसाव्या मिनिटापर्यंत ऐका, तबल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे पडते ते बोटावर मोजा आणि गायक कितीही लांब भटकून आला तरी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर कसा उतरतो, तेवढे पाहा’ असे लिहिले, की विलंबित एकतालाच्या लांबलचक आवर्तनाची भीती जाते. समेवर आल्यावर नकळत मान डोलली, तर पुढचे वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्यातील अनेकांनी आठ मिनिटांच्या खिडकीतून आत जाऊन त्याच आठवड्यात संपूर्ण ख्याल ऐकला आहे.

लावणी, पोवाडा, भीमगीते, जात्यावरच्या ओव्या ही गाणी सुचवताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण येथे चुका सहज होतात.

लावणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केवळ चित्रपटातील नाच येतो. प्रत्यक्षात फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांचा बाज वेगवेगळा आहे. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते, एकाच ओळीतील भाव निरनिराळ्या अदांनी आणि स्वरांनी उलगडत जाते, आणि ठुमरी ऐकणाऱ्या कानाला ती लगेच जवळची वाटते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचे गायन सुचवल्यावर आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्याने, लावणीबद्दलचे आपले मत साठ वर्षे ऐकीव होते, असे प्रांजळपणे कळवले. लावणी सुचवताना गायिकेचे पूर्ण नाव आदराने लिहावे, फडाची आहे की बैठकीची ते सांगावे, आणि सोबत चेष्टेचा सूर लावू नये. ज्या स्त्रियांनी ही कला जगवली त्यांना आपल्या समाजाने पुरेसा मान दिला नाही, हे विसरून ती केवळ मौजेची वस्तू म्हणून पुढे पाठवणे मला अयोग्य वाटते.

पोवाडा किंवा शाहिरी गीत सुचवताना ते कोणत्या प्रसंगासाठी रचले गेले, हे लिहिणे आवश्यक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी मैदानांत, हजारो लोकांसमोर गायली जात होती. ती इयरफोनमध्ये ऐकणाऱ्याला एवढा चढा आवाज का लावला आहे, हे सांगितल्याशिवाय उमगत नाही. वामनदादा कर्डक यांच्या गीतांबाबतही हेच म्हणता येईल. गावोगावी फिरून त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यांतून पोचवला, आणि ती गाणी ज्या वस्त्यांत रात्र रात्र जागवली गेली तेथील माणसांसाठी ती आजही करमणुकीपेक्षा कितीतरी मोठी आहेत. ती केवळ एप्रिलच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नयेत.

ओव्यांचे तर अधिकच नाजूक आहे. पहाटे जात्यावर दळताना बायकांनी एकमेकींसाठी म्हटलेल्या त्या ओळी आहेत. समोर श्रोता बसलेला असावा अशी त्यांची कल्पनाच नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहकार्यात महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. ओवी सुचवताना म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले असेल, तर ते आवर्जून द्यावे. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ एवढे लिहून मोकळे होणे म्हणजे जिचे नाव ठाऊक आहे तिलाही अज्ञात करणे होय.

भाषा कळत नसलेले गाणे सुचवावे का?

अवश्य सुचवावे. पूर्ण भाषांतर देण्याची गरज नाही. ध्रुवपदाचा अर्थ एका वाक्यात आणि गाणे कोण कोणाला उद्देशून म्हणत आहे हे दुसऱ्या वाक्यात सांगितले, की पुरते. पोर्तुगालचा फादो असो की बंगालचे बाउल गीत असो, हाच नियम आम्ही पाळतो. आमचा अनुभव असा आहे की अर्थ आधी न वाचता एकदा आणि अर्थ वाचून एकदा असे दोनदा ऐकल्यास सर्वाधिक आनंद मिळतो.

एकाच गाण्याची अनेक ध्वनिमुद्रणे असतात. ‘हेच ऐका’ असे सांगणे हट्टाचे नाही का?

हट्टाचे नाही, ते आवश्यक आहे. अभंगाचे शब्द तुकोबांचे असले, तरी पखवाज आणि टाळांच्या गजरात वारकऱ्यांनी म्हटलेला अभंग आणि पंडित भीमसेन जोशी यांनी मैफिलीत गायलेला अभंग या दोन वेगळ्या अनुभूती आहेत, आणि आपण कोणती सुचवत आहोत हे सुचवणाऱ्याने ठरवले पाहिजे. म्हणून गीतकार, संगीतकार, गायक आणि शक्य असेल तर ध्वनिमुद्रणाचे वर्ष लिहावे. वादक व संगीत संयोजकांची नावे मिळाली, तर तीही लिहावीत. हिंदी चित्रगीतांच्या संयोजनात गोव्याच्या कितीतरी वादकांनी आयुष्य घालवले, पण त्यांची नावे तबकड्यांवर क्वचितच छापली गेली.

एखाद्याने सुचवलेल्या गाण्याला दुसऱ्याने गाण्यानेच उत्तर दिले तर चालते का?

चालते, आणि आपल्या मातीत तर ही फार जुनी रीत आहे. कलगी-तुऱ्यात शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले एकमेकांना गाण्यातून कोडी घालतात. कोकणात डबलबारीच्या भजनात एका बुवांची बारी संपली, की दुसरे बुवा त्यांच्या मुद्द्याला धरून आपली बारी लावतात. आम्ही वर्षातून दोन महिने याच पद्धतीने चालवतो. पहिल्याने पावसावरचे भावगीत सुचवले, तर दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून मियाँ मल्हारातील बंदिश किंवा शेतात काम करताना म्हटली जाणारी भलरी द्यावी, पण दोन्हींमधला दुवा कोणता, ते एका वाक्यात सांगावेच लागते. या महिन्यांत सदस्य सर्वाधिक उत्साहाने ऐकतात, कारण उत्तर द्यायचे असेल, तर आधीचे गाणे नीट ऐकण्यावाचून गत्यंतर नसते.

गाणे कोणालाच आवडले नाही तर?

तसे स्पष्ट आणि सौम्यपणे कळवावे. मात्र किमान दोनदा ऐकल्यावरच. ‘मला हे समजले नाही, आवाज फार चिरका वाटला’ असे लिहिणाऱ्यामुळे सुचवणाऱ्याला पुढच्या वेळी काय समजावून सांगायला हवे ते कळते. ‘छान’ या एका शब्दातून काहीच कळत नाही.

मोबाइलवर ऐकले तर पुरेसे आहे का?

मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे नाद जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे पखवाजाची घुमारदार थाप, तबल्याच्या बायाँची मींड आणि तानपुऱ्याचा खर्ज हरवतो, आणि मग तेच गाणे पोकळ वाटते. महाग यंत्रसामग्रीची गरज नाही; साधे इयरफोन आणि दहा मिनिटांची शांतता पुरते.

ध्वनिमुद्रणाची फाइल पाठवणे कायदेशीर आहे का?

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांवरील हक्क मात्र वेगळा असून तो सामान्यतः रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे तबकडी जुनी झाली, तरी गीतावरचा हक्क संपलेला असतोच असे नाही. म्हणून आम्ही फाइल पाठवत नाही. जेथे गाणे अधिकृतपणे ऐकता येते तेथील लिंक पाठवतो, आणि हयात, विशेषतः लहान गावांतील कलावंत असतील, तर त्यांची सीडी किंवा कार्यक्रमाचे तिकीट विकत घेण्याचा आग्रह धरतो.

परदेशातील सदस्य असतील तर गाणे कोणत्या वेळी पाठवावे?

आम्ही रविवारी सकाळी आठ वाजता पाठवतो. तेव्हा न्यू जर्सीतील सदस्यांकडे शनिवारची रात्र असते. तोडी किंवा भैरवासारखा सकाळचा राग असेल, तर त्यांनी तो आपल्या सकाळसाठी राखून ठेवावा असे आम्ही सुचवतो. रागाच्या वेळेचा नियम पाळणे बंधनकारक नाही. पण तिकडच्या एका सदस्याने हिमवर्षावाच्या पहाटे, घरात कोणी उठण्यापूर्वी, तोडी ऐकली आणि कित्येक वर्षांत प्रथमच आजोळच्या देवघराचा वास आठवला, असे कळवले होते.

सुचवलेल्या गाण्यांची नोंद कशी ठेवावी?

एक साधी वही पुरेशी आहे. तीत तारीख, गाणे, कलावंत, सुचवणाऱ्याच्या चार ओळी आणि खाली इतरांचे अभिप्राय लिहावेत. लिंक कालांतराने बंद पडतात, म्हणून नोंदीत नुसती लिंक ठेवू नये. गाणे पुन्हा शोधता येईल इतका तपशील हवा. वर्षाच्या शेवटी ती वही आमच्यातील सर्वांत नव्या सदस्याकडे जाते आणि पुढच्या वर्षीचे पहिले गाणे तोच सुचवतो. यंदा ती वही एका अठरा वर्षांच्या मुलीकडे आहे, आणि तिने मराठी रॅपपासून सुरुवात करणार असल्याचे कळवले आहे. कान कोठे ठेवायचा, ते तिने चार ओळींत लिहून पाठवावे, एवढेच आम्ही तिला सांगितले आहे.